इंटरनेट कंपन्यांची किंमत व तीवरील बोजे

अमुक एका कंपनीची किंमत इतके हजार कोटि रुपये झाली, अशी बातमी वर्तमानपत्रांत वारंवार येते. कंपनी पाहूं जावें तों तिला स्वतःचा कारखाना नाहीं, गोदाम असलेंच तर तें भाड्याचें, आणि वर्षाचा हिशेब उघडावा तर नफ्याच्या जागीं तोटा. हें वाचून आपला शेतकरी वर्ग एक तर हंसून पान उलटतो, किंवा ही आपणांस न कळणारी कांहीं विद्या असेल असें समजून स्वस्थ बसतो. आमच्या मतें ह्या दोन्ही गोष्टी आतां परवडण्यासारख्या नाहींत. आपल्या खेड्यांतील मुलें पुणें, बंगळूर, हैदराबाद येथें अशा कंपन्यांत नोकरीस आहेत. पगाराचा कांहीं अंश त्यांस कंपनीच्या शेअरांच्या रूपानें देऊं केला जातो. आणि त्या शेअरांची वर्तमानपत्री किंमत धरून घरीं लग्नाचे, घराचे व जमिनीचे बेत होऊं लागले आहेत. महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला ज्यांच्या खात्यांत पडून आहे, त्यांच्या दारींही असल्या कंपन्यांची शिफारस करणारे लोक येऊं लागले आहेत. महसूल खात्याच्या कारकुनींत आमचीं वर्षें गेलीं. जमिनीची किंमत कागदावर कशी चढते व कशी उतरते हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. त्याच नजरेनें ह्या विषयाचे कागद वाचून जें ध्यानांत आलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

किंमत ठरण्याची रीत एका विहिरीच्या उदाहरणानें समजेल. समजा, एका शेतकऱ्यानें विहीर खणली आहे. तिला पाणी लागलें आहे. परंतु पंप व पाइपलाइन यांस पैसा नाहीं. शेजारी ५ लाख रुपये देतो आणि त्याबद्दल सर्व मिळून चार आणे हिस्सा घेतो. चार आण्यांस ५ लाख, तर सोळा आण्यांस २० लाख. म्हणून विहिरीची किंमत २० लाख झाली, असें चावडीवर सांगतां येईल. ह्यांपैकीं ५ लाख खरोखर आले. उरलेल्या १५ लाखांतला एक रुपयाही कोणीं कोणास दिलेला नाहीं. ह्या १५ लाखांस 'पैसा येण्यापूर्वींची किंमत' म्हणतात, आणि २० लाखांस 'पैसा आल्यानंतरची किंमत'. वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापली जाते ती ही दुसरी. म्हणजे सर्वांत शेवटीं आलेल्या गिऱ्हाइकानें लहानशा तुकड्यास जो दर दिला, त्या दरानें सबंध कंपनीस गुणिलें, कीं झाली किंमत. हमरस्त्यालगतचे दोन गुंठे एखाद्या हॉटेलवाल्यानें चढ्या भावानें घेतले, म्हणून त्या दरानें साऱ्या शिवाराची किंमत काढावी, तसाच हा प्रकार आहे. त्या दरानें सारें शिवार घेणारा कोणी असतोच असें नाहीं.

आपल्याकडील फ्लिपकार्ट कंपनीचें उदाहरण पाहावें. सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनीं ही कंपनी २००७ सालीं बंगळूर येथें, इंटरनेटवरून पुस्तकें विकण्यासाठीं काढली. २००९ सालीं अ‍ॅक्सेल ह्या भांडवलदार पेढीनें तींत १० लाख डॉलर घातले. पुढें टायगर ग्लोबल वगैरे मोठे धनको आले. २०१५ सालीं तिची किंमत सुमारें १५ अब्ज डॉलर धरली गेली. एप्रिल २०१७ मध्यें टेन्सेंट, ईबे व मायक्रोसॉफ्ट यांनीं मिळून १.४ अब्ज डॉलर घातले, तेव्हां ती ११.६ अब्जांवर उतरली. मे २०१८ मध्यें वॉलमार्टनें १६ अब्ज डॉलरांस सुमारें शेंकडा ७७ हिस्सा घेण्याचा करार केला, आणि त्या हिशेबानें ती जवळजवळ २१ अब्ज झाली. तीन वर्षांत एकाच धंद्याचे तीन भाव! त्यांतही भेद आहे. पहिल्या दोन किंमती लहान तुकड्यावरून काढलेल्या होत्या; तिसऱ्या वेळीं बारा आण्यांहून अधिक कंपनी खरोखर विकली गेली. आम्ही तिसऱ्या किंमतीस खरेदीखत म्हणूं. पहिल्या दोहोंस नुसता अंदाज.

हा अंदाज तरी कशावरून बांधतात? नफा असता तर त्याची अमुक पट धरतां आली असती. आमच्या खात्यास पटीचा हिशेब नवा नाहीं. १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनीं मुंबई राज्यांतील कुळें जमिनीचीं मालक झालीं, तेव्हां साध्या कुळानें द्यावयाची किंमत आकाराच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत ठरवावी, असा कुळकायद्यांत नियम होता. ही पट कायद्यानें बांधलेली होती व ती ठरविणारा अधिकारी तालुक्यांत बसत असे. इंटरनेट कंपनीस नफा नसतो, म्हणून वर्षाच्या विक्रीची पट धरतात. विक्रीही नसली, तर किती माणसें तिचा उपयोग करितात तीं डोकीं मोजतात. आणि पट किती धरावी हें पैसा स्वस्त कीं महाग ह्यावर अवलंबून असतें. २०२१ सालीं अमेरिकेंत व्याजाचा दर शून्यानजीक होता, तेव्हां धनकोंची झुंबड उडून पटी फार चढल्या. मार्च २०२२ पासून तेथील मध्यवर्ती बँकेनें दर वाढविण्यास आरंभ केला, आणि पुढल्या वर्षीं तो शेंकडा पांचांवर गेला; त्याबरोबर बंगळूरच्या कंपन्यांच्या पटीही खालीं आल्या. कंपनी तीच, काम तेंच, कामगार तेच. भाव मात्र सातासमुद्रांपलीकडच्या व्याजावर हलला.

तोटा दिसत असतां धनको पैसा घालतात तरी कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत आला असेल. ते वेडे नाहींत. ह्या रीतीचा पद्धतशीर उद्योग अमेरिकेंत १९४६ पासूनचा आहे. जॉर्जेस डोरियो ह्या अध्यापकानें त्या सालीं इतरांसह एक भांडवल-मंडळी काढली; तिनें १९५७ सालीं डिजिटल इक्विपमेंट ह्या नव्या कंपनींत ७० हजार डॉलर घातले. ती संगणक करणारी कंपनी पुढें इतकी वाढली कीं, त्या हिश्शाची किंमत कोट्यवधि डॉलर झाली, आणि मंडळीचे बाकीचे कित्येक फिके व्यवहार त्यांत झांकून गेले. तेव्हांपासून हा धंदा ह्याच बेतानें चालतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधि, धनिक कुटुंबें यांचा पैसा बहुधा दहा वर्षांच्या मुदतीनें गोळा करावयाचा. तो सांभाळण्याबद्दल दरसाल शेंकडा दोनच्या आसपास व नफ्यांतून शेंकडा वीसच्या आसपास घ्यावयाचा. आणि तो वीस-पंचवीस कंपन्यांत वांटून पेरावयाचा. बुडाल्यास घातलेला रुपया बुडतो, त्याहून अधिक नाहीं. साधल्यास रुपयाचे शंभर होतात. सिकोया ह्या एकाच पेढीचीं दोन शेतें पाहा. १९९९ सालीं तिनें व क्लायनर पर्किन्स ह्या दुसऱ्या पेढीनें मिळून गूगलमध्यें अडीच कोटि डॉलर घातले. त्याचें काय झालें हें सांगणें नको. त्याच सुमारास वेबव्हॅन नांवाच्या, भाजीपाला व किराणा घरपोंच देणाऱ्या कॅलिफोर्नियांतील कंपनींतही तिचा पैसा होता. वेबव्हॅननें नोव्हेंबर १९९९ मध्यें जनतेकडून ३७.५ कोटि डॉलर उभे केले, मोठमोठीं यांत्रिक गोदामें बांधलीं, आणि जुलै २००१ मध्यें ती बंद पडली. सिकोयास एकाचें दुःख दुसऱ्यानें धुऊन निघालें. वेबव्हॅनच्या कामगारांचें तसें नव्हतें. नोकर माणूस वीस कंपन्यांत एकदम नोकरी करूं शकत नाहीं.

येथें भाजीपाला पिकविणाऱ्या वाचकांस एक गोष्ट जातां जातां सुचवितों. नव्या कंपनीचें खरेदी केंद्र गांवाजवळ उघडतें व बाजार समितीपेक्षां किलोमागें दोन रुपये अधिक देतें, तेव्हां ते दोन रुपये तिच्या विक्रींतून येतात, कीं धनकोंच्या भांडवलांतून, ह्याची चौकशी करावी. माल अवश्य घालावा. अधिक भाव कोणास नको? परंतु त्या भावाच्या भरंवशावर जुन्या आडत्याशीं संबंध तोडूं नये आणि लागवडीचें क्षेत्र दुप्पट करूं नये.

आतां बोज्यांकडे वळूं. सातबारा पाहतांना अनुभवी मनुष्य क्षेत्र व आकार यांवर थांबत नाहीं; त्याची नजर 'इतर हक्क' ह्या सदराकडे जाते. तेथें सोसायटीचा बोजा, बँकेचें गहाण, बहिणींचे हक्क नोंदलेले असतात. कंपनीच्या किंमतीसही असें सदर आहे. तें वर्तमानपत्रांत छापलें जात नाहीं, इतकेंच. धनको जे शेअर घेतात ते साधे नसून बहुधा अग्रहक्काचे असतात. कंपनी विकली किंवा मोडली, तर प्रथम त्यांचें मुद्दल परत करावयाचें आणि मग उरेल तें साध्या शेअरवाल्यांनीं वांटून घ्यावयाचें, असा करार असतो. संस्थापकांचे व नोकरांचे शेअर साधे असतात.

ह्याचा परिणाम आंकड्यांनीं दाखवितों. एका धनकोनें १०० कोटि रुपये घालून शेंकडा २० हिस्सा घेतला; तेव्हां कंपनीची किंमत ५०० कोटि झाली. एका नोकराजवळ शेंकडा एक हिस्सा आहे. तो स्वतःस पांच कोटींचा धनी समजतो. पुढें धंदा मंदावला व कंपनी १२० कोटींस विकली गेली. साध्या त्रैराशिकानें नोकरास १ कोटि २० लाख मिळावे. प्रत्यक्षांत धनको आपले १०० कोटि आधीं उचलतो. उरलेले २० कोटि बाकीच्या शेंकडा ८० हिश्शांत वांटले जातात, आणि नोकराच्या वांट्यास २५ लाख येतात. मुद्दल घेऊनही उरलेल्यांत पुन्हां हिस्सा घेण्याची अट असेल, तर २० लाख. कंपनी १०० कोटींसच गेली, तर नोकरास कांहींच नाहीं. आणि धनकोनें दुप्पट मुद्दलाची अट घातली असेल, तर १२० कोटींच्या विक्रींतही कांहीं नाहीं. पांच कोटींची भाषा ज्या कागदावरून झाली त्याच कागदांत हें सर्व लिहिलेलें असतें.

ही केवळ कल्पना नव्हे. कॅलिफोर्नियांत गुड टेक्नॉलॉजी नांवाची, मोबाइल फोनांतील कचेरीचा पत्रव्यवहार सुरक्षित राखणारी कंपनी होती. तिची किंमत १ अब्ज डॉलरांहून अधिक सांगितली जात होती, व २०१४ सालीं तिनें शेअर बाजारांत येण्यासाठीं अर्जही केला होता. सप्टेंबर २०१५ मध्यें ती ब्लॅकबेरी कंपनीस ४२.५ कोटि डॉलरांस विकली गेल्याचें जाहीर झालें. नोकरांनीं आपल्या साध्या शेअरचा दर पाहिला तो ४४ सेंट. वर्षापूर्वीं तोच ४ डॉलर ३२ सेंट धरला होता. धनकोंच्या अग्रहक्काच्या शेअरास मात्र ३ डॉलरांहून अधिक मिळाले. कित्येक नोकरांनीं आपले शेअर पूर्वींच्या चढ्या किंमतीवर आयकर भरून घेतले होते. कर सरकारांत गेला, नोकरी जाण्याची धास्ती उभी राहिली, आणि हातीं आलेली रक्कम भरलेल्या करासही पुरेना, अशी कांहींची अवस्था झाली. हा प्रसंग ह्या धंद्यांतील प्रत्येक नोकरानें एकदां तरी वाचावा असा आहे.

दुसरें उदाहरण स्क्वेअर कंपनीचें. तिनें २०१४ सालीं धनकोंस १५ डॉलर ४६ सेंट दरानें शेअर दिले; नोव्हेंबर २०१५ मध्यें जनतेस तेच ९ डॉलरांनीं विकले. परंतु त्या धनकोंच्या करारांत, जनतेकडे जातांना दर अमुकाखालीं गेला तर नुकसान भरून काढण्याइतके जादा शेअर आम्हांस द्यावे, अशी अट होती. ते जादा शेअर त्यांस मिळाले. त्यांची भरपाई अर्थातच इतरांच्या हिश्शांतून झाली. विल गॉर्नल व इल्या स्ट्रेबुलायेव्ह ह्या दोघां अभ्यासकांनीं अमेरिकेंतील १ अब्ज डॉलरांवरील १३५ कंपन्यांचे असे करार तपासले. बोजे हिशेबांत धरतां सांगितलेली किंमत खऱ्या किंमतीहून सरासरीनें शेंकडा ४८ अधिक आहे, असें त्यांस आढळलें. चढी किंमत मिळविण्यासाठीं संस्थापक बोजे कबूल करतो. धनको बोजे मिळतात म्हणून चढी किंमत कबूल करतो. दोघांचेंही काम होतें.

आमच्या खात्यांत पिकाची आणेवारी, हल्लींची पैसेवारी, टप्प्याटप्प्यानें जाहीर होते. आधीं नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीक कापणीचे प्रयोग झाल्यावर अंतिम. उभें पीक बांधावरून पाहून जो आंकडा सांगतात, तो खळ्यावर टिकतोच असें नाहीं. कंपनीची कापणी म्हणजे तिची सबंध विक्री, किंवा तिचें शेअर बाजारांत येणें. पेटीएमच्या मूळ कंपनीनें नोव्हेंबर २०२१ मध्यें २,१५० रुपये दरानें शेअर विकून १८,३०० कोटि रुपये गोळा केले. १८ नोव्हेंबरास बाजारांत व्यवहार सुरू झाले आणि त्याच दिवशीं दर शेंकडा २७ नें पडला. शिकवण्या देणाऱ्या बायजूची किंमत २०२२ सालीं २२ अब्ज डॉलर सांगत. जून २०२४ मध्यें प्रोसस ह्या तिच्या मोठ्या भागीदारानें आपल्या शेंकडा ९.६ हिश्शाची किंमत आपल्या हिशेबांत शून्य धरली. उलट झोमॅटोचा शेअर जुलै २०२१ मध्यें ७६ रुपयांस दिला गेला, वर्षभरांत तो जवळजवळ निम्म्यावर आला, आणि २०२४ सालीं दोनशें रुपयांच्या वर गेला. नजरअंदाज नेहमीं जास्तच असतो, असेंही म्हणतां येत नाहीं.

खुद्द सरकारासही ह्या किंमतीचा थांग लागला नाहीं. खासगी कंपनीनें वाजवी किंमतीपेक्षां अधिक दरानें शेअर दिले, तर जादा रक्कम उत्पन्न समजून तिच्यावर कर घ्यावा, अशी तरतूद २०१२ च्या वित्त कायद्यानें झाली. पुढील वर्षांच्या अपेक्षित उत्पन्नावरून वाजवी किंमत काढण्याची मुभा होती. पुढें अपेक्षा फळली नाहीं, कीं आयकर अधिकारी विचारीत, मग ती किंमत वाजवी कशी? पुष्कळ तंटे झाले. शेवटीं २०२४ च्या अंदाजपत्रकानें ती तरतूदच काढून टाकली. खरेदीखतांतील किंमत व रेडी रेकनरची किंमत यांचा मेळ घालतांना नोंदणी कचेरींत जी ओढाताण होते, ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं.

आमच्या तालुक्यांतील एक बागाईतदार गेल्या वर्षीं एकर जमीन विकण्याचा विचार घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बंगळूरास एका कंपनींत होता. नोकरी सोडतांना त्यास ४,००० शेअर घेण्याचा हक्क होता, व त्यासाठीं ९० दिवसांची मुदत होती. शेअरमागें १०० रुपये भरावयाचे, म्हणजे ४ लाख. परंतु मूल्यांकन करणाऱ्यानें शेअरची किंमत १,१०० धरली होती. मधले हजार रुपये पगारच समजून, एकंदर ४० लाखांवर सुमारें साडेबारा लाख आयकर लगेच भरणें होतें. सारे मिळून साडेसोळा लाख. "भाऊसाहेब, शेवटल्या फेरीच्या भावानें चौसष्ट लाखांचा माल साडेसोळा लाखांत मिळतोय. जमीन पुन्हां घेतां येईल," असें ते म्हणाले. आम्हीं विचारलें, "नाना, चौसष्ट लाखांस आज घेणारा कोण?" ह्याचें उत्तर मुलासही देतां येईना. शेअर बाजारांत नव्हते, आणि कंपनीच्या संमतीवांचून ते दुसऱ्यास विकतां येत नव्हते.

आम्हीं मुलाकडून तीन प्रश्न लिहून पाठविले: साध्या शेअरांच्या पुढें अग्रहक्काची एकंदर रक्कम किती, तीवर पटीची किंवा जादा हिश्शाची अट आहे काय, आणि हातांत असलेला पैसा दरमहाच्या तोट्यास किती महिने पुरेल. कंपनीनें पहिल्या प्रश्नाचा आंकडा सांगितला, तो ऐकून नाना बराच वेळ बोलले नाहींत. उरलेल्या दोहोंस 'गोपनीय' असें उत्तर आलें. मुलानें स्वतःच्या शिलकेंतून १,००० शेअर घेतले, कर धरून चार लाखांच्या थोडे वर, व बाकीचे सोडून दिले. जमीन विकली नाहीं. ते शेअर पुढें सोन्याचे ठरतील, कीं रद्दीचे, हें अद्याप कोणास सांगतां येत नाहीं. परंतु बुडाले तर मुलाची बचत बुडेल, विहीर बुडणार नाहीं, एवढा विचार त्यांत झाला.

आपल्या सोसायट्यांनीं व शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं हें भांडवल घ्यावें कीं नाहीं, ह्याविषयीं वाचकांचीं पत्रें येतात. उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यांत २००२ सालच्या दुरुस्तीनें आली. तिचे सभासद उत्पादक किंवा उत्पादकांच्या संस्थाच होऊं शकतात, म्हणून बाहेरच्या धनकोस तींत शेअर घेतां येत नाहींत. नाशिक जिल्ह्यांतील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनें ह्यावर वाट काढली. मूळ उत्पादक कंपनी शेतकऱ्यांचीच ठेविली, मालावरील प्रक्रिया व विक्री यांसाठीं तिच्याखालीं निराळी कंपनी केली, आणि त्या दुसऱ्या कंपनींत २०२२ सालीं चार युरोपीय संस्थांनीं ३१० कोटि रुपये घातले. ही इंटरनेट कंपनी नव्हे. तिच्याजवळ द्राक्षें आहेत, शीतगृहें आहेत, निर्यात आहे. तथापि धनको तेथेंही मुदतीनेंच येतो, आणि मुदत संपल्यावर आपला हिस्सा कोणास तरी विकून बाहेर पडतो. जी सोसायटी हा मार्ग धरील, तिनें तो हिस्सा प्रथम कोणास देऊं करावयाचा, आणि त्या वेळीं किंमत कोणत्या रीतीनें काढावयाची, हें पहिल्याच करारांत लिहून घ्यावें, व तो करार सर्वसाधारण सभेंत मराठींत वाचून दाखवावा.